घंटेवर चालणारा कॉम्प्युटर

माझे बाबा चिखल्याच्या खाणीत वाइंडर चालवायचे. वाइंडर म्हणजे जमिनीवर बसवलेलं मोठं यंत्र. त्याच्या दोराला लोखंडी पिंजरा टांगलेला असतो आणि त्या पिंजऱ्यातून माणसं आणि मँगनीज खालीवर होतं. गंमत अशी की यंत्र चालवणाऱ्याला पिंजरा दिसत नाही. तो आपल्या वेगळ्या खोलीत दांड्यावर हात ठेवून बसलेला असतो आणि त्याला जे कळायचं ते घंटेनं कळतं. लहानपणी मी एकदा विचारलं होतं की न बघता माणसं खाली कशी उतरवता. "पाहून काय करतं? घंटा आयकू आली पायजे," एवढं बोलून ते जेवायला बसले होते.

रिटायर झाल्यावर कॉलनीतलं क्वार्टर सुटलं आणि आईबाबा बपेऱ्याच्या घरी राहायला आले. तिथं मागच्या खोलीत बाबांनी आपलं टेबल मांडलं. गावातले रेडिओ, टेबलफॅन, मिक्सर सगळे त्या टेबलावर यायचे. बाबा ते फुकटात दुरुस्त करून द्यायचे आणि वर वापरणाऱ्याला दोन शब्द सुनावायचे. लोक तरी यायचे, कारण वस्तू पुन्हा बिघडायची नाही. सोल्डरिंगचा धूर आणि बाबांची बडबड, दोन्ही त्या खोलीतून दिवसभर बाहेर यायचं.

मग शुगरनं डोळे खाल्ले. नागपूरला लेझर झालं, इंजेक्शनं झाली. उजवा डोळा पूर्ण गेला. डाव्याला खिडकी कुठं आहे आणि ट्यूबलाइट लागली की नाही एवढंच समजतं. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा बाबांनी नुसती मान हलवली. घरी आल्यावर सोल्डरिंग आयर्न, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हरचा संच, सगळं नात्यातल्या एका दुकानदाराला देऊन टाकलं. रिकाम्या टेबलावर आईनं पापडाचे डबे ठेवले.

त्यांना अंधारापेक्षा हाक मारावी लागण्याचा राग जास्त होता. एकदा त्यांची एक चप्पल बाजेखाली सरकली. हाताला लागेना. आई दहा पावलांवर भांडी घासत होती, पण बाबांनी तिला हाक मारली नाही. एका पायात चप्पल घालून सकाळभर तसेच बसून राहिले. आईला दिसलं तेव्हा ती चिडली, "सांगायले तोंड नाई काय?" बाबा म्हणाले, "कितीदा सांगू? दिवसभर सांगतच राहू काय?" त्यानंतर त्यांनी बाजेवरून उठणंच कमी केलं. जेवायला उठायचे, आंघोळीला उठायचे आणि परत येऊन भिंतीकडे तोंड करून बसायचे. रेडिओही लावायचे नाहीत.

मी अड्याळला खोली करून राहते आणि तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. दर शनिवारी दुपारी भंडारा, तुमसर करत घरी पोचते. रागाच्या बाबतीत मी बाबांचीच लेक आहे, त्यामुळे आमचं कधी गोडीगुलाबीनं चालत नाही. पण त्या दिवसांत मी घरात पाऊल टाकलं तरी बाबा भांडायचे नाहीत, याची मला भीती वाटायला लागली होती. आई तर एकदा स्वयंपाक करता करता सरळच म्हणाली, "हे असेच बसून बसून जातीन. मले दिसून राहिलं." मी तिला गप्प केलं, पण मलाही तेच दिसत होतं.

शाळेत एका योजनेतून छोटे कॉम्प्युटर आले होते. पत्त्यांच्या जोडाएवढा एक उघडा बोर्ड, त्यात प्रोग्राम भरलेलं मेमरी कार्ड घालून टीव्ही आणि कीबोर्ड जोडला की झाला कॉम्प्युटर. हौशी लोक त्यावर दिवे लावतात, मोटरी फिरवतात. मुलांना शिकवायचा म्हणून मी आधी स्वतः शिकले आणि मला त्याचं वेडच लागलं. मग तसाच एक मी माझ्यासाठी मागवला. तो हातात आला तेव्हा पहिल्यांदा बाबांचं टेबल डोळ्यांपुढं आलं. शनिवारी तो पिशवीत टाकून मी बपेऱ्याला गेले.

"हे कायचं?" बोर्ड हातात दिल्यावर बाबांनी विचारलं.

"कॉम्प्युटर आहे, बाबा."

"येवढासा?" त्यांची बोटं फिरायला लागली. "हे चार्जरचं. हे नेटच्या वायरचं. हे यूएसबी. इथं खाली कार्ड जाते. अन् हे काटे काटे कायचे?"

"पिना आहेत. त्याले बल्ब जोडा, मोटर जोडा, काही जोडा."

ते नखानं एकेक पिन चाचपत गेले. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या कपाळावरची आठी मोडलेली मी पाहिली. आई दाराशी येऊन उभी राहिली होती, तिलाही ते दिसलं. मी घाईघाईनं मधल्या खोलीतला टीव्ही आणून जोडला, चार्जर लावला.

"झाला चालू?"

"हाव, होऊन राहिला."

"मले कसं समजन?"

"तो लाल दिवा लागला न," मी म्हणाले आणि जीभ चावली.

पडद्यावर प्रश्न यायला लागले. भाषा कोणती, देश कोणता, पासवर्ड काय ठेवायचा. मी वाचत होते, बाबा ऐकत होते. "आता काय म्हनते?" मी वाचलं. "आता?" मी वाचलं. थोड्या वेळानं त्यांनी विचारणं सोडलं आणि बोर्डवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"हे तुयं खेळणं आहे. तू घेऊन जाय."

"बाबा, याले बोलता येते. मी बोलतं करून देईन."

"तू करून देशीन म्हंजे तुयंच झालं न?" मग ते म्हणाले, "कार्ड कोरं असन, घरात कोनी नसन, अन् याले मी एकट्यानं उभं करीन, त्या दिवशी माया. तोवर मले दाखवू नको."

ते रागानं बोलले, पण महिन्याभरातलं त्यांचं ते सगळ्यात लांब वाक्य होतं. स्वयंपाकघरात आईनं माझा दंड धरला. "'नाई' असं तं नाई म्हनले. अट तं घातली न? आता तू मागं नको हटू." मी हटणार नव्हते. मला बाबा परत त्या टेबलावर हवे होते, डोक्यावर बसून भांडणारे बाबा हवे होते.

अड्याळला आल्यावर मी शोधायला लागले. फोनवर अंध लोकांचा एक गट सापडला. राज्यभरातले लोक, कोणी नोकरीत, कोणी शिकणारे, आणि सगळे कॉम्प्युटरबद्दल तावातावानं बोलणारे. त्यातल्या सोलापूरकडच्या एका बाईंनी मला धडे दिले. त्या जन्मापासून अंध, बँकेत कामाला. मी त्यांना अजून भेटलेली नाही. मी पहिल्याच दिवशी मोठ्या उत्साहात विचारलं की स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज यात असतोच ना, मग अडचण कुठे आहे?

"असतो ना," त्या म्हणाल्या. "तो सुरू करायचं बटण स्क्रीनवर असतं. ते शोधायला डोळे लागतात. आता बोला."

त्यांनी मग एकेक अडचण उलगडून सांगितली. कोऱ्या कार्डावर सगळं भरायला दुसरा कॉम्प्युटर आणि डोळस माणूस लागतो. चालू केल्यावर बराच वेळ यंत्र मुकं असतं, त्या वेळात ते जिवंत आहे की मेलं हे फक्त दिव्यावरून कळतं. पहिले प्रश्न पडद्यावर येतात आणि ते कोणी वाचून दाखवत नाही. एकदा हे सगळं पार पडलं की मग आवाज येतो आणि लोक म्हणतात, बघा, अंधांसाठी किती सोय आहे. हे सांगताना त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. माझा मात्र चढला.

शाळा सुटल्यावर मी रोज त्या बोर्डाला घेऊन बसायची. आधी सोप्या गोष्टी केल्या. सुताराकडून लाकडाची छोटी पेटी करून घेतली, म्हणजे उघड्या बोर्डाला ओला हात लागायला नको. चार्जरच्या भोकाजवळ पेटीवर धानाचा एक दाणा चिकटवला, कार्डाच्या फटीजवळ दोन. धानाचं टोक बोटाला बरोबर कळतं. बाबांना धान आणि तांदूळ यातला फरक झोपेतही कळेल. मग यंत्र चालू झालं की आवाज आपोआप बोलायला लागेल असं केलं. पण त्याच्या आधीचा मुका वेळ राहिलाच. तिथं मी माझा आवाज टाकला. "बाबा, चालू होऊन राहिला. बाबा, थोडं थांबा. बाबा, आता झालं." खूप प्रेमानं, दोन-तीनदा घसा साफ करून रेकॉर्ड केलं होतं.

शनिवारी बाबांनी ते पूर्ण ऐकलं.

"तुया आवाज काहून टाकला?"

"तुमाले समजावं म्हणून."

"म्हंजे तू इथंच बसून राहिली न? मी काही केलं का तू बोलशीन." त्यांनी पेटी माझ्याकडे सरकवली. "काढ."

मला इतकं वाईट वाटलं की मी परसात जाऊन उगाच तुळशीला पाणी घातलं. ते बरोबर बोलत होते, म्हणून जास्त राग आला. परत अड्याळला आल्यावर माझा आवाज काढून टाकला आणि पिनांवर एक बारका बझर जोडला. हातघड्याळाच्या गजरासारखा टीं करून वाजणारा. दिवे डोळ्यांना जे सांगतात ते यानं कानांना सांगायचं. यंत्राला वीज मिळून ते उठायला लागलं की एक ठोका. पुढं आवाज तयार झाला की तो बोलणार. साधं, सुटसुटीत.

आणि मग कार्डं मरायला लागली.

मी शनिवारी-रविवारी सगळं नीट चालवून दाखवायची. मी बसलेली असले की सुरुवातीचं बटण मीच दाबून द्यायची, बाबा पुढचं ऐकायचे. मी गेल्यावर बाबा एकटे बसून बघणार असं ठरायचं. पुढच्या शनिवारी येऊन बघते तर यंत्र उठायला तयार नाही. यंत्र उठत असताना मध्येच वीज तोडली की कार्डावरचं लिहिणं अर्धवट राहतं आणि कार्ड बिघडतं. म्हणजे वीज कोणीतरी तोडत होतं. माझा पहिला संशय आईवर. घरातून बाहेर पडताना सगळी बटणं बंद करायची तिला सवय आहे. ढग गरजले की प्लगसुद्धा उपसून ठेवते. तिला विचारलं तर शांतपणे म्हणाली, "टीव्ही काळा होता. मले वाटलं बंदच आहे." बाबांना टीव्ही लागत नाही म्हणून मी तो चालू ठेवलाच नव्हता, आणि आईच्या लेखी पडदा काळा म्हणजे यंत्र बंद. मी भिंतीवरच्या त्या बटणावर चिकटपट्टीनं जाड पुठ्ठा लावला आणि एवढं बटण सोडून काहीही बंद कर, असं तिला बजावलं. बाबांसाठी वायरवरच बोटानं दाबायचं वेगळं बटण लावून दिलं.

पुढच्या वेळी कार्ड मेलेलंच.

आता संशय बाबांवर आला. त्यांना हे यंत्र नकोच आहे, मी कंटाळून घेऊन जावं म्हणून ते मुद्दाम करत आहेत, असं माझ्या मनानं घेतलं. मी ते आईजवळ बोलून दाखवलं. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझंच वाक्य आवडलं नाही. पण मी ते परतही घेतलं नाही. दोन गोष्टी मनात एकदम होत्या, बाबांवरचा राग आणि बाबांची काळजी, आणि कोणता जास्त ते मला सांगता आलं नसतं.

त्याच दिवशी दुपारी आई आणि मी मधल्या खोलीत बसून तांदूळ निवडत होतो. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. बाबा टेबलाशी गेले. मी नवीन कार्ड घातलं होतं. त्यांनी धानाचा दाणा चाचपला, चार्जर बरोबर बसवला, वायरवरचं बटण दाबलं. बझर एकदा वाजला. आणि त्यांच्या बोटानं तेच बटण परत दाबून वीज तोडली. कुठलीही धांदल नाही, राग नाही. अंगावरची माशी उडवावी इतक्या सहज. थोडं थांबून त्यांनी परत चालू केलं. टीं. परत बंद.

"बाबा!" मी तांदळाचं सूप ठेवून उठले. "बंद काहून करून राहिले?"

"तूच तं म्हनून राहिली बंद कर."

"मी कधी म्हणाले?"

"एक घंटा देली न?" ते माझ्यावरच वैतागले. "चालत्या केजले एक घंटा म्हंजे थांबव. खाली काही झालं असन. कोनाचा हात अडकला असन. एक घंटा आली का पयले थांबवा लागते."

केज म्हणजे तो पिंजरा. माझ्या मनात एक ठोका म्हणजे सुरुवात, कुठल्याही यंत्राची असते तशी. बाबांच्या हातात मात्र खाणीतल्या सगळ्या वर्षांची सवय होती.

"पण बाबा, ही केज नाही!"

"मंग घंटा काहून देली?"

"मग मला सांगायचं नाही का, की हे बंद करा म्हणतंय म्हणून?"

"मले वाटलं यंत्रातच खराबी आहे. दर वेळी थांबव म्हनून राहिलं. म्या थांबवलं. डोक्याले इचारत बसलो असतो तं लोकं मेले असते तिथं."

मला हसू आलं, मग रडू आलं, आणि त्या दोन्हीच्या मध्ये मी जोरजोरात भांडायला लागले. इतके आठवडे, इतकी कार्डं, इतके बसचे हेलपाटे. बाबाही मागं हटले नाहीत. खाणीच्या माणसाला घंटा देताना विचारून द्यावी एवढी अक्कल मास्तरणीला नसावी, वगैरे. शेजारची बाई कुंपणाशी येऊन डोकावून गेली. आई सूप मांडीवर घेऊन निवांत तांदूळ निवडत होती. घरात भांडण परत आलं होतं आणि तिला ते पुरेसं होतं.

रविवारी सकाळी बाबा स्वतःहून टेबलाशी बसले आणि मला खुर्ची ओढायला सांगितली. "लिही," ते म्हणाले. यंत्र उठायला लागलं की दोन घंटा. खाणीत दोन म्हणजे उतरव, आता दोर चालू होणार. आवाज तयार झाला आणि माणसानं बसायला हरकत नाही, की तीन. तीन म्हणजे माणसं आहेत, सांभाळून. आणि एक घंटा फक्त काही बिघडलं तर. "एकले असंतसं वापराचं नाई," त्यांनी बजावलं. मी मान डोलावली. त्यांना ती दिसली नाही, तेव्हा मी मोठ्यानं हो म्हणाले.

"अन् मी जबाब देल्याबिगर त्यानं हलू नये."

"जबाब म्हणजे?"

"आम्ही घंटा परत देत होतो. खालून तीन आल्या, म्या तीन देल्या, मंग केज हलली. तुया कॉम्प्युटर आपला घुमून राहते, माणूस तयार आहे का नाई ते पाहातच नाई."

कॉम्प्युटर असं थांबत नाही, असं मी म्हणणार होते. "मंग शिकव त्याले," ते आधीच म्हणाले. मी शिकवलं. दर टप्प्यावर यंत्र घंटा द्यायचं आणि बाबांनी कीबोर्डवर तेवढेच ठोके परत देईपर्यंत गुमान बसून राहायचं. आवाजालाही त्यांनी ताकीद दिली, आधी घंटा, मग बोलणं, आणि तेही थोडक्यात. पुढं लागेल तशी नवी घंटा त्यांची त्यांना घालता यावी, अशी सोयही माझ्याकडून करून घेतली. सोलापूरच्या बाईंना हे सांगितलं तर त्यांनी ते परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "यंत्र नेहमी आमच्या पुढे पळतं आणि आम्ही त्याच्या मागे धडपडतो. त्याला थांबवायचं आजवर कोणाला सुचलं नव्हतं. मलाही पाठवा हे." मी बाबांना निरोप सांगितला. त्यांनी हं म्हटलं आणि चहा मागितला. आईला हाक मारून मागितला.

राहिला कोऱ्या कार्डाचा प्रश्न. त्यासाठी मी सगळं एका पेनड्राइव्हवर भरलं. तो लावून यंत्र सुरू केलं की ते स्वतःच समोरचं कोरं कार्ड भरून घेणार, भाषा आणि पासवर्ड बोलून विचारणार, घंटा देत देत. कागदावर हे दोन ओळींचं काम, पण माझी दिवाळीची सुट्टी त्यात गेली. सुट्टी संपताना मी बाबांना सांगितलं की आता तुमची अट पुरी करता येईल.

"कार्ड पूस," ते म्हणाले. मी पुसलं. "पेनड्राइव्ह ठेव. आता जाय. फोन करू नको."

मी अड्याळला गेले. एवढी बेचैन मी माझ्या निकालाच्या वेळीही नव्हते. आईला फोन केला तर ती म्हणाली, "दार लावून बसले आहेत. एक घंटा वाजते, मंग शिव्या आयकू येतात." एक घंटा म्हणजे बिघाड. काय बिघडलं असेल ते मला बसल्या जागी साधारण कळत होतं. चार्जर ढिला असेल, नाहीतर पेनड्राइव्ह चुकीच्या भोकात असेल. एका वाक्यात सांगता आलं असतं. मी ते वाक्य आईला सांगायला घेतलं आणि सोडलं. त्यांना हे जन्मात जमलं नसतं तरी चाललं असतं, पण माझ्या वाक्यानं केलेलं त्यांना नको होतं. शाळेत मुलांवर उगाच खेकसले. एका मुलीनं विचारलंही की मॅडम, बरं नाही का?

पुढच्या शनिवारी शाळेत कार्यक्रम होता, जाता आलं नाही. आईचा फोन आला, तिचा आवाज पडलेला होता. "आज शिव्या आयकू नाई आल्या वं."

"मग झालं का त्यांचं?"

"मले काय मालूम? बाहेर आले, जेवले, झोपले. बोलले काहीच नाई."

शिव्या थांबल्या म्हणजे एक तर जमलं किंवा सोडून दिलं. बाबा गप्प बसले की दोन्ही सारखंच दिसायचं. ते परत भिंतीकडे तोंड करून बसले तर तिथून त्यांना उठवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी आईला म्हणाले की ते बाजेवर आहेत का, बघ. ती म्हणाली, हो, आहेत. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्याच्या पुढच्या शनिवारी पोचले तेव्हा आई गिरणीवर गेली होती. घर उघडं होतं. बाज रिकामी होती. परसातून बादलीचा आवाज येत होता, म्हणजे बाबा आंघोळ करत होते किंवा हातपाय धूत होते. मी पिशवी टाकली आणि आधी मागच्या खोलीत गेले. पापडाचे डबे टेबलावरून खाली उतरलेले होते. टीव्ही नव्हता. तो मधल्या खोलीत परत भिंतीला लागलेला मी येताना पाहिला होता. टेबलावर फक्त पेटी, कीबोर्ड आणि एक स्पीकर. पेटीवर हात ठेवला तर ती कोमट होती.

चालू होतं. त्यांनी केलं होतं. पण कितपत केलं, काय केलं ते बघायची मला घाई झाली, आणि बघायला पडदाच नव्हता. मी खुर्चीवर बसले आणि एक कळ दाबली. स्पीकरमधून आवाज आला, पण इतक्या वेगानं की डब्यात खडे हलवावे तसा. मला एक शब्द कळला नाही. बाबांनी वेग वाढवून ठेवला होता. सरावलेले अंध लोक असाच ठेवतात, सोलापूरच्या बाई सांगत होत्या. दुसरी कळ दाबली. परत तसाच खडखडाट. आणखी एक दाबली तेव्हा घंटा वाजली. मी घातलेल्यातली ती नव्हती. चार ठोके होते. यंत्र थांबलं आणि माझ्या जबाबाची वाट पाहायला लागलं.

चार म्हणजे काय, मला माहीत नव्हतं. ते बाबांनी नंतर घातलं होतं. आत्ता काही पुसलं जाणार आहे का, काही बंद पडणार आहे का, मला काहीच कळेना. सगळा प्रोग्राम मी लिहिलेला आणि मीच त्याच्यापुढे हात वर धरून बसले होते. बटण बंद केलं असतं तर कार्ड मेलं असतं आणि त्यांनी दार लावून केलेलं सगळं गेलं असतं.

"बाबा!" मी ओरडले. "बाबा, जरा या न इकडे. मला काही समजून नाही राहिलं."

ओरडून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. डोळे गेल्यापासून आम्ही त्यांना जेवायला हाक मारली होती, औषधाला मारली होती, दवाखान्यात जायला मारली होती. कोणाला काही अडलं म्हणून बाबांना कोणी बोलावलं नव्हतं. मला एकदम रडू फुटलं. मी ते थांबवलं नाही.

परसात बादली खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"कायलेच हात लावू नको," बाबा तिथून म्हणाले. "आलो."

ते भिंतीला हात लावत आले, ओले हात बनियनला पुसत. घंटा किती वाजल्या, त्यांनी विचारलं. मी चार म्हणाले. त्यांनी माझा खांदा चाचपून खुर्ची कुठं आहे ते पाहिलं.

"सरक तिकडं," ते म्हणाले, आणि मी सरकले.